प्रसंगातलं पद



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते नट नव्हते, गायक नव्हते, नाटककारही नव्हते. ते प्रेक्षक होते. तिकीट काढून, वेळेवर येऊन, नांदीपासून शेवटचा पडदा पडेपर्यंत मन लावून नाटक पाहणारे प्रेक्षक. एका प्रेक्षकाच्या नावानं व्याख्यानमाला चालते, याचं मला फार मोल वाटतं. कार्यकर्त्यांनी विषयाची मोकळीक दिली तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता ‘संगीत नाटक’ म्हटलं. मी गाण्याची तालीम घेतलेली नाही, नाट्यशास्त्राचा अभ्यासकही नाही. जन्मभर संगीत नाटकं पाहत आलो, एवढाच माझा अधिकार.

या जन्मभराच्या पाहण्यातून माझी एक ठाम समजूत झाली आहे, आणि तीच आज आपल्यापुढे मांडायची आहे. नाट्यपद त्याच्या प्रसंगात ऐकावं. प्रसंगातून बाहेर काढलं की राग राहतो, चाल राहते, ताना राहतात. पण ते कोण गातंय, कोणाला ऐकवतंय आणि आत्ताच का गातंय, ते हरवतं. आणि संगीत नाटकाचं सगळं सामर्थ्य त्या तीन प्रश्नांच्या उत्तरात आहे.

आपण मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली धरतो. त्या वर्षी सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या नाटकांतही गाणं होतं, भरपूर होतं. पण ते सूत्रधाराच्या तोंडी होतं. सूत्रधार पद्य म्हणायचा, पात्रं त्याबरहुकूम हावभाव करायची आणि मग स्वतःच्या मनानं भाषणं करायची. दुःख सीतेचं आणि गळा सूत्रधाराचा, अशी ती वाटणी होती.

बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्करांनी ही वाटणी मोडली. पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’ हा खेळ त्यांनी पाहिला आणि असं नाटक मराठीत का होऊ नये, या विचारानं ते पेटले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे उत्तम गळ्याचे नट त्यांना लाभले. पण किर्लोस्करांचं खरं काम गळे जमवण्यात नव्हतं. बोलणारं पात्रच गाईल, आणि बोलता बोलता गाईल, हे त्यांनी ठरवलं. संवाद जिथे थांबतो तिथून पद सुरू होतं आणि पद संपतं तिथून संवाद पुढे जातो. आज हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यातली झेप जाणवत नाही.

प्रेक्षकांनी हे पहिल्याच रात्री कसं स्वीकारलं असेल? भर राजसभेत माणूस गायला का लागला, असं कोणालाच कसं वाटलं नाही? मला याचं उत्तर आपल्या कीर्तनात दिसतं. कीर्तनकार बोलता बोलता आर्येत शिरतो, साकी म्हणतो, दिंडी म्हणतो आणि पुन्हा गोष्टीवर येतो. ऐकणाऱ्याला कुठे सांधा दिसत नाही. पोवाड्यात तसंच आहे, वगात तसंच आहे, जात्यावरच्या ओवीत तर जगणं आणि गाणं वेगळं काढताच येत नाही. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हेच ओळखीचे वृत्तप्रकार घेतले, लावणीच्या आणि कर्नाटकी चाली घेतल्या. त्यांच्या प्रेक्षकाचा कान तयारच होता. त्याच्यासमोर त्यांनी पात्रं उभी केली.

दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, ‘सौभद्र’ आलं. माझं सर्वांत लाडकं नाटक. कथा सगळ्यांना माहीत आहे. बलरामानं सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलं आहे, सुभद्रेचं मन अर्जुनावर आहे आणि कृष्ण सगळी सूत्रं हलवतो आहे. शेवट काय होणार, हे प्रेक्षागृहातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. मग आपण काय पाहायला जातो? यतीचा वेश घेतलेल्या अर्जुनाला सुभद्रा समोर असताना खरं बोलता येत नाही. जे संवादात बोलायची बंदी आहे ते पदात बाहेर येतं. म्हणजे तिथे पद ही सजावट नाही, ती पात्राची गरज आहे. आणि कृष्ण-रुक्मिणीचे प्रवेश पाहा. ते द्वारकेचे राजाराणी राहतच नाहीत, मराठी घरातले नवरा-बायको होतात. रुसवा, समजूत, थट्टा हे सगळं चालीत बसवताना किर्लोस्करांनी कुठेही भाषा जड होऊ दिली नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यानं ‘सौभद्र’ गाजलं हे खरं, पण भाऊराव १९०१ साली गेले आणि नाटक आजही उभं आहे. ते लेखणीच्या बळावर उभं आहे.

किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ आणलं आणि संगीत नाटक पुराणातून थेट वाड्याच्या चौकात उतरलं. पैशाच्या लोभानं कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. त्या काळी हे घराघरांत घडत होतं. देवलांची शारदा ज्या शब्दांत गाते ते तिच्या वयाचे, तिच्या बोलीतले शब्द आहेत. एकही शब्द कोशात शोधावा लागत नाही. हुंड्याबद्दल, विजोड लग्नाबद्दल व्याख्यानं तेव्हाही होत होती. पण लहान मुलीच्या तोंडून आलेली साधी तक्रार, चाल लागली म्हणून, लोकांच्या ओठांवर बसली आणि घरी गेली. ज्या घरात सुधारकाला कोणी पाऊल ठेवू दिलं नसतं, त्या घरात ती गेली. समाजाला सांगायची गोष्ट गाण्यातून सांगता येते, हे देवलांनी सिद्ध केलं.

त्यांच्याच ‘संशयकल्लोळ’ची हकीकत प्रत्येक नाट्यप्रेमीनं लक्षात ठेवावी अशी आहे. मुळात ते ‘फाल्गुनराव’ नावाचं गद्य नाटक होतं. १९१६ साली, देवलांच्या निधनानंतर, ते पदांसह गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. गद्य नाटकात फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या संशयाचा खेळ होताच. पदं आल्यावर रेवती आणि अश्विनशेठ यांचं प्रेम खोल झालं. संशयी जोडपं बोलत राहिलं आणि प्रेमी जोडपं गात राहिलं. विनोदाला वेग लागतो, प्रेमाला अवकाश लागतो. पदांनी तो अवकाश दिला, आणि म्हणून शंभर वर्षांनंतरही प्रेक्षक त्या नाटकात हसतोही आणि हळवाही होतो.

यानंतर येतो तो काळ, ज्याला आपण संगीत रंगभूमीचं वैभव म्हणतो. १९११ मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. त्याला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, आणि उत्तरेकडच्या ठुमरी, कजरीचा रंग मराठी रंगभूमीवर उतरला. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीकत महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आलं. भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयानं त्याच्या चाली बांधल्या आणि घराणेदार ख्यालांच्या चिजा रुक्मिणीच्या तोंडी पदं म्हणून आल्या. ज्या रागदारीसाठी संस्थानिकांच्या दरबारात किंवा मोजक्या बैठकींत जावं लागे, ती चार आणे देऊन पिटात बसणाऱ्या माणसाला ऐकायला मिळाली. मराठी माणसाचा कान शास्त्रीय संगीताला इतका तयार का, असं बाहेरचे लोक विचारतात. त्याचं मोठं श्रेय या नाटकांना आहे.

पण याच काळात एक धोकाही आला, आणि त्याबद्दल आदरानं पण स्पष्ट बोललं पाहिजे. पद रंगलं की ‘वन्स मोअर’ यायचा. एकदा, दोनदा, तीनदा. नाटक पहाटेपर्यंत चालायचं. रुक्मिणी कृष्णाची वाट पाहत आहे की टाळ्यांची, हे कळेनासं व्हायचं. प्रेक्षकांच्या प्रेमानंच पात्राला बाजूला सारलं आणि गायकाला पुढे आणलं. मग ध्वनिमुद्रिका आल्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. त्या तीन मिनिटांत पद घरोघरी गेलं, आणि प्रसंग मात्र मागे राहिला. पुढे आकाशवाणीनं आणि नाट्यगीतांच्या मैफलींनी हीच वाट रुंद केली.

याचा दोष बालगंधर्वांना देणारे पुष्कळ आहेत. मला तो मान्य नाही. १९१९ साली त्यांनी ‘एकच प्याला’मधली सिंधू केली. भरजरी शालू नेसणारी रुक्मिणी करणाऱ्या नटानं फाटक्या लुगड्यातली, दारुड्या नवऱ्याची बायको केली. नाटककार राम गणेश गडकरी प्रयोग पाहायला राहिले नव्हते; पदंही विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली आणि चालींसाठी सुंदराबाईंसारख्या कलावतीचं साहाय्य झालं. ज्या ज्येष्ठांनी ती सिंधू पाहिली होती, त्यांच्या तोंडून मी तिचं वर्णन ऐकलं आहे. ते पदांबद्दल आधी बोलत नसत, सिंधूबद्दल बोलत. बोलण्याचा आणि गाण्याचा सूर एकच होता, असं ते सांगत. हीच संगीत नाटकाची कसोटी आहे.

त्या पिढीचं मन केवढं मोठं होतं हे ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’वरून कळतं. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी, असे दोन प्रतिस्पर्धी मुंबईत एका रंगमंचावर उभे राहिले. तीनच महिन्यांत, अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. कोल्हापूरच्या ज्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत सापडलं. ती बातमी ऐकून माझ्या पिढीच्या माणसांना आपल्याच घराला आग लागल्यासारखं झालं.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. त्या बोलपटातला हरिश्चंद्र ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबेच होते, यातच सगळं आलं. रंगभूमीची माणसं पडद्याकडे गेली, कंपन्या कर्जात बुडाल्या. तरी संगीत नाटक संपलं नाही. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रीची भूमिका स्त्रीनंच करायची, हे ठरवून केलं गेलं, आणि ज्योत्स्ना भोळे यांचा स्वर रंगभूमीला मिळाला. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त त्याच स्वरातून स्वतःचं मत असलेली नवी स्त्री बोलली आणि गायली. शिलेदार कुटुंबानं पुण्यात ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढून जुनी नाटकं गावोगाव नेली. जयराम शिलेदार, जयमालाबाई आणि नंतर कीर्ती शिलेदार यांनी ज्या निष्ठेनं हे व्रत चालवलं, तिच्यामुळे माझ्यासारख्या अनेकांना ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’ प्रत्यक्ष पाहायला मिळालं. एरवी ती पुस्तकातच वाचावी लागली असती.

माझा स्वतःचा संगीत नाटकाशी संबंध जडला तो गोव्यात. माझं बालपण तिथल्या एका खेड्यात गेलं. देवळाच्या जत्रेला गावकरीच संगीत नाटक बसवायचे. दिवसा नारळ सोलणारा, शाळेत शिकवणारा, दुकानात बसणारा माणूस रात्री अर्जुन व्हायचा. महिना-दोन महिने तालमी चालायच्या. पेटीवर बसलेले मास्तर एकेक जागा घोटून घ्यायचे आणि आम्ही मुलं खांबाला टेकून ते ऐकत झोपी जायचो. तिथे गायक पाहायला कोणी जात नसे, गायकाला सगळे रोजच पाहत. लोक अर्जुन पाहायला येत. दीनानाथ मंगेशकर, ज्योत्स्ना भोळे, जितेंद्र अभिषेकी, रामदास कामत, प्रसाद सावकार, आशालता ही सगळी माणसं गोव्याच्या मातीतली. हा योगायोग मुळीच नाही. देवळात गाणं, घरात गाणं आणि वर्षातून एकदा तरी ते गाणं पात्राच्या तोंडी घालायची चाल, यातून ते गळे घडले.

पुढे शिक्षणासाठी पुण्याला आलो तेव्हा संगीत रंगभूमीचा दुसरा बहर जोरात होता. विद्याधर गोखल्यांनी १९६० मध्ये ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि १९६३ मध्ये ‘मंदारमाला’ देऊन जुन्या ढंगाच्या नाटकाला पुन्हा उभारी दिली होती. राम मराठे आणि प्रसाद सावकार यांची गायकी प्रेक्षक तृप्त होईपर्यंत ऐकत. त्याच सुमारास अभिषेकीबुवांनी वेगळा विचार केला. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त त्यांनी पदं मोजकी ठेवली, आटोपशीर ठेवली आणि शब्दाला पहिला मान दिला. नाटक तीन तासांत संपायचं असेल तर पदानं आपलं काम करून वेळेवर बाजूला व्हायला हवं, हे त्यांनी ओळखलं. किर्लोस्करांनी जी गोष्ट आरंभी केली होती, तिच्याकडे ते नव्या वाटेनं परत गेले.

आणि १९६७ च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ आलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत, प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. माझ्या सगळ्या पाहण्यात या नाटकाचं स्थान वेगळं आहे. इथे ‘पात्र का गातं?’ हा प्रश्नच उरत नाही, कारण गाणं हाच संघर्ष आहे. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्यात घराण्यांचा झगडा आहे. विद्या कोणाची, ती कोणाला द्यायची, ती चोरता येते का, असे प्रश्न आहेत. वसंतरावांना मी त्या भूमिकेत पाहिलं. गर्व, हव्यास, विद्येवरची आंधळी भक्ती आणि शेवटी वितळणारं मन हे सगळं त्यांच्या तानेत दिसायचं. नाटक पाहिल्यानंतर ती पदं एकटी ऐकताना मला कधीच पुरेशी वाटली नाहीत. मी आरंभी मांडलेलं मत माझ्या मनात पक्कं झालं ते या नाटकामुळे.

संगीत नाटक म्हणजे शालू, ऑर्गन आणि पौराणिक पडदे, अशी व्याख्या करून आपण स्वतःचंच नुकसान करतो. १९७२ चं ‘घाशीराम कोतवाल’ हे संगीत नाटकच आहे. भास्कर चंदावरकरांच्या संगीतात अभंग आणि लावणी शेजारी उभ्या राहिल्या आणि सत्तेचा ढोंगीपणा उघडा पडला. १९७८ चा ‘तीन पैशाचा तमाशा’ तर ब्रेख्तचं नाटक पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणून उभं केलेलं. आणि २०१७ मध्ये प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आलं. रंगमंचावर दोनच बायका. तुकोबांची आवली आणि तिच्या सेवेला लखूबाई होऊन आलेली रखुमाई. दोघींच्या नवऱ्यांनी दोघींना एकटं टाकलेलं. आनंद ओक यांचं संगीत या दोघींच्या दुःखातूनच उगवतं. तो प्रयोग पाहून बाहेर पडलो तेव्हा माझ्या शेजारी विशीतली मुलं डोळे पुसत होती. संगीत नाटक जुनं झालं, असं म्हणणाऱ्यांनी ते नाटक पाहावं.

मग आज आपण कुठे कमी पडतो? नाट्यगृहं नाहीत, गाणारे नट नाहीत, प्रयोग परवडत नाही, ही कारणं खरी आहेत. संगीत नाटकाला चांगला अभिनेता आणि चांगला गायक एकाच देहात लागतो, आणि तो घडायला वर्षं जातात. पण माझ्या मते आपण, म्हणजे प्रेक्षक, अधिक कमी पडतो. गावोगावी नाट्यगीतांच्या मैफली होतात. त्यांनी चाली जिवंत ठेवल्या, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण नाट्यगीतं ऐकून आपण संगीत नाटक जगवत आहोत, असं मानणं हा भ्रम आहे. ज्या मुलानं शारदेचं पद मैफलीत ऐकलं त्याला चाल कळली. ज्यानं ‘शारदा’ नाटक पाहिलं त्याला शारदा कळली.

म्हणून माझं आपल्याला मागणं आहे. नाटकाला जाण्याआधी संहिता वाचा. जुनी पुस्तकं ग्रंथालयांत आहेत, पदांसकट आहेत. पद चालू असताना गाणाऱ्याबरोबर त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पात्राकडेही पाहा; त्याच्या चेहऱ्यावर पदाचा निम्मा अर्थ असतो. ‘वन्स मोअर’ देण्याआधी प्रसंग तो मागतो आहे का, याचा विचार करा. महाराष्ट्रात राज्य पातळीवरची संगीत नाट्यस्पर्धा होते, गोव्यात कला अकादमीची स्पर्धा होते. तिथे हौशी मंडळी महिनोन्‌महिने तालमी करून उभी राहतात आणि पुष्कळदा रिकाम्या खुर्च्यांपुढे गातात. त्या खुर्च्या भरणं आपल्या हातात आहे.

आणि इथे बसलेल्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना मी हात जोडून सांगतो. दरवर्षी नाट्यगीतांची एक मैफल करत असाल तर एक वर्ष ती रद्द करा आणि तेवढ्याच पैशांत एखाद्या हौशी संस्थेला बोलावून एक संपूर्ण संगीत नाटक करा. नांदीसकट, सूत्रधार-नटीसकट, शेवटच्या प्रवेशासकट. शाळांना बोलवा. मुलांना कंटाळा येईल ही भीती बाळगू नका. गोष्ट चांगली असली की मुलं बसतात. आणि तुम्ही घरी गेल्यावर एवढं करा, येत्या वर्षात एक संगीत नाटक तिकीट काढून पूर्ण पाहा, आणि जाताना घरातल्या एका मुलाला सोबत न्या.